दाराआडून आलेली खैर

रझियाआपाला दफन करून मंडळी परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला तिचा मेसेज आला. मी ओट्यापाशी उभी होते, गॅसवर चहाचं आधण होतं आणि फोन नेहमीसारखा वाजला. नेहमीच्याच वेळेला. बघते तर आपाचं नाव, आणि त्याखाली तिच्या आवाजाची ती पट्टी... बोट आपसूकच गेलं. आधी तिची ती बारीकशी खाकर, मग, "खैर आहे. भाई, तुझ्या घरात खैर? नीला, तुझ्या घरात?" इतकंच. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी मी तशीच. आता हे सांगितलंच पाहिजे की मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. उभा जन्म लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काढला. सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसल्या की मला हसू आवरायचं नाही. पण त्या सकाळी शारजातल्या माझ्या स्वयंपाकघरात मी फरशीवर फतकल मारून बसले.

पुन्हा ऐकायचं धाडस व्हायला बराच वेळ लागला. ऐकलं तेव्हा आपाच्या आवाजामागे आणखी काहीतरी कानावर आलं. दाराची बेल, चपलांचा आवाज, आणि लांबून एक बाई म्हणत होती, "आपा, दूध आणलंय गं, दार लावून घे आतून." तो आवाज माझा होता. मी इथे फरशीवर एकटी बसलेली, आणि तिथे तिच्या घरात मी दूध घेऊन शिरतेय, आपा जिवंत आहे, मला काही म्हणजे काही ठाऊक नाही... आपलाच आवाज असा दुसऱ्या कुणाच्या मागून ऐकू येणं फार वाईट. मग डोकं चालू लागलं. हे जुनं रेकॉर्डिंग. म्हणजे कुणीतरी पाठवलंय. मी तशीच उठले आणि समोरच्या, आपाच्या, फ्लॅटची बेल दाबली.

दार इम्रानने उघडलं. इम्रान म्हणजे आपाचा एकुलता मुलगा, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनियर. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आणि हातात आपाचा फोन. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. लॅपटॉपवर आईचा जुना मेसेज लावायचा आणि तिचा फोन त्याच्यासमोर धरून नवा म्हणून पाठवायचा, अशी त्याची युक्ती होती. "आंटी, मामूला सांगू नका, प्लीज. ही वोन्ट सर्व्हाइव्ह धिस. गावात पण सगळ्यांना सांगून ठेवलंय." मामू म्हणजे आपाचे थोरले भाऊ हसनभाई. रत्नागिरीच्या बाजूला एका खाडीकाठच्या गावात असतात. हृदय नाजूक, त्यात खुब्याचं हाड मोडल्यापासून उंबऱ्याबाहेर जाणं नाही. डबा आणून देणाऱ्या बाईपासून मशिदीतल्या लोकांपर्यंत सगळ्या गावाला बजावलं होतं, म्हाताऱ्याला कळता कामा नये. आणि आमच्या तिघांच्या ग्रूपवर, आपा, हसनभाई आणि मी, ज्याचं नावच आपाने 'खैर', म्हणजे सगळं क्षेम, ठेवलं होतं, तिथे रोज सकाळी आपा बोलत राहणार होती. मी काय म्हणणार? ज्याची आई गेली त्याच्याशी वाद कसला घालायचा. घरी आले आणि ग्रूपवर रोजच्यासारखं लिहिलं, 'खैर.' थोड्या वेळाने हसनभाईंचंही आलं, 'खैर, रझू.'

हे का इतकं लागलं ते कळायला आपा कोण होती ते सांगायला हवं. आम्ही भेटलो दुबईतल्या एका दवाखान्यात. ती नर्स, संसर्गाच्या आजारांवर नजर ठेवणं तिचं काम. मी लॅबमध्ये. मी नवी होते, सांगलीहून आलेली, हिंदी बोलताना चाचपडणारी. आपाने पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली भाकरी न विचारता तोडून घेतली आणि म्हणाली, "मीठ कमी. नवऱ्याचं बीपी का?" होतंच. तिचं सगळं असंच असायचं. जबल अली भागातल्या एका लेबर कॅम्पमध्ये कांजिण्या आल्या तेव्हा ती मला सॅम्पल घ्यायला बरोबर घेऊन गेली होती. खोलीत एकावर एक पलंग, पोरं उभी राहून आपली "सब ठीक, मॅडम, सब ठीक" म्हणताहेत. आजारी म्हटलं की वेगळं ठेवणार, कामाचे दिवस बुडणार, मग कोण कशाला बोलतोय. मी पुढच्या खोलीकडे निघाले तर आपाने मनगट धरलं. म्हणाली, "यल्ला, चलो, सबका शर्ट ऊपर." निम्म्यांच्या पाठीवर पुळ्या. परतताना कंपनीच्या बसमध्ये ती मला म्हणाली, "नीला, 'कसा आहेस' असं कुणाला कधी विचारू नको. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. हात बघ, जीभ बघ, रात्री झोपलास का ते विचार. आवाजावर जाऊ नको." मला वाटलं नर्सिंगच्या कॉलेजात शिकवत असतील असं. ते तिने कुठून आणलं होतं ते मला फार उशिरा कळलं.

तिची अम्मी गावाला वारली ते आपाला कितीतरी आठवड्यांनी कळलं. तेव्हा फोन महाग, ट्रंक कॉलसारखी ओरडाओरड. आपाच्या नव्या कॉन्ट्रॅक्टचं चाललेलं, इम्रान पोटात. हसनभाई दर वेळी म्हणायचे, अम्मी झोपलीय, अम्मी नमाज पढतेय, अम्मी खैर आहे. गल्फमध्ये कुणाचं घर याला अपवाद नाही म्हणा. इथला मुलगा तिकडे सांगतो नोकरी मस्त, तिकडची आई इकडे सांगते गुडघे बरे आहेत. माझ्याही वडिलांचं ऑपरेशन मला टाके काढल्यावर कळलं होतं. पण आपा ते विसरली नाही. गावाला गेली तेव्हा भावाला म्हणाली म्हणे, "तू मला खैर दिलीस, अम्मी नाही दिलीस." त्या एका वाक्यावर पुढे बरीच वर्षं बहीणभावाचं बोलणं तुटक राहिलं. नंतर दोघंही म्हातारी झाली, राग मऊ पडला, आणि रोज सकाळी एकमेकांना आवाज द्यायचा असं ठरलं. खरं बोलायचं, या अटीवर.

रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, कुणी योगाला जातं. आपाने आजाराचा माग काढायला घेतला. तोही कुठला, तर दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत तिच्या गावात आलेल्या देवीच्या साथीचा. मला आधी हसूच आलं. मेलेल्यांच्या मेलेल्या रोगाचा तपास! आणि तो गावाला नाही, इथे शारजा-दुबईत बसून. पण आपाचं बरोबर होतं. तिच्या गावात आता घरं आहेत आणि माणसं इथे आहेत. कुणाचा नातू रास अल खोरमध्ये वर्कशॉप चालवतोय, कुणाची पणती बँकेत आहे, कुणी अजमानला दुकान टाकलंय. अख्खी आळी समुद्र ओलांडून आलेली. आम्ही दोघी शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर माझ्या गाडीतून एकेका घरी जायचो. आपा आजाराचं काही विचारायचीच नाही. ती विचारायची, तुमच्या दादीच्या तोंडावर वण होते का, तुमच्या घरात कुठलं नाव मुलाला ठेवत नाहीत, कुठली वस्तू घरात आणत नाहीत, का आणत नाहीत. 'का'चं उत्तर कुणाकडे नसायचं. पण टाळायचं काय ते सगळ्यांना पक्कं ठाऊक असायचं. माणसं आजार विसरतात आणि त्याची भीती तेवढी पुढच्यांना देऊन जातात.

घरी आलो की ती हॉलमधला गालिचा गुंडाळायची आणि फरशीवर गाव मांडायची. खजुराची एकेक बी म्हणजे एकेक घर. मशीद म्हणून साखरेचा डबा, खाडी म्हणून तिची निळी ओढणी. आणि ज्या घरात मयत झालं त्या बीजवळ एक लवंग. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे, कारण फरशीवर पाय ठेवायला मला बरं वाटायचं नाही. एसीचा वारा, लवंगांचा वास, आणि आपा गुडघ्यांवर रांगत आळीतून फिरतेय, एकेका दारापाशी थांबतेय... एकदा मी बघितलं, ती एका बीपाशी थांबून डोकं कलतं करून ऐकल्यासारखं करत होती. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही. सवय." सवय कसली ते मी विचारलं नाही. आळीत सगळीकडे लवंगा आणि मधोमध एक घर कोरं होतं. लॅबमध्ये स्लाइडवर असा मधलाच भाग स्वच्छ दिसला तर आम्ही तपासणी पुन्हा करतो. मी आपाला तसं म्हटलं. ती म्हणाली, "ते आमचं घर. अम्मीचं."

मग तिने गावाची पद्धत सांगितली. साथ आली की जमातीचा हुकूम निघायचा, कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. पण खबर तर ठेवायला हवी. म्हणून पहाटेच्या नमाजनंतर मशिदीतला बांगी, म्हणजे अजान देणारा माणूस, आळीतून फिरायचा आणि एकेका दारासमोर उभा राहून हाक द्यायचा, "घरात खैर?" आतून घरातल्या बाईने म्हणायचं, "खैर." पडदा पाळणारी घरं, बाई दारात येणार नाही, तेव्हा तिचा आवाज हाच पुरावा. उत्तर आलं नाही की बांगी देवी डॉक्टरला कळवायचा. देवी डॉक्टर म्हणजे लस टोचत गावोगाव फिरणारा सरकारी माणूस. तो मग त्या घराच्या शेजारापाजाऱ्यांना टोचायचा आणि आजाऱ्याला गावाबाहेरच्या मांडवात हलवायचा. मांडवातून परत आलेलं कुणी फारसं बघितलं नव्हतं. तेव्हा 'खैर' म्हणण्यावाचून बाई दुसरं काय म्हणणार? ही सगळी तजवीज उभी होती ती दाराआडच्या आवाजावर, आणि तो आवाज खोटं बोलेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आपाची अम्मी तेव्हा लहान मुलगी होती. बाप खलाशी, जहाजावर. घरात आई आणि ती. आई तापाने पडली, अंगावर उमटायला लागलं तेव्हा तिने पोरीला शिकवलं, माझ्या आवाजात खैर म्हणायचं, नाहीतर मला घेऊन जातील आणि तू एकटी राहशील. पोरीने आईचा आवाज काढला. रोज. आई गेली तरी काढत राहिली, कारण थांबायचं कधी ते आईने सांगितलं नव्हतं. आळीभर रोगाला पळवायला लोबान जाळत होते, त्या धुरात कुणाला कशाचा वास येणार. घरात शेळी होती. शेजारच्या बाईचं तान्हं त्या दुधावर वाढत होतं. दूध बंद केलं तर संशय येईल म्हणून पोरगी मागच्या दाराने भांडं देत राहिली, आणि भांड्याच्या तोंडाला आईच्याच ओढणीचा फडका बांधत राहिली. देवीचा रोग कपड्यातून जातो. ते तान्हं पहिलं गेलं. बांगीच्या हिशेबी घर चांगलं होतं, म्हणून देवी डॉक्टर तोवर दुसऱ्याच आळीत टोचत फिरत होता.

हे आपाला अम्मीने एकदाच, म्हातारपणी, एका दुपारी सांगितलं होतं. हसनभाईंना नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. आपाने ऐकलं आणि मनात गाडून टाकलं. आता फरशीवर तिला ते दिसत होतं, जिथे लवंग ठेवायला तिचा हात झाला नव्हता त्या कोऱ्या घरापासून लवंगा निघालेल्या. रास अल खोरच्या वर्कशॉपवाल्या शब्बीरकडे आम्ही गेलो तेव्हा ती गाडीतून उतरेना. शब्बीर म्हणजे त्या शेजारच्या बाईचा नातू. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या शेळीचं दूध येत नाही, का ते त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आपा, जाऊ दे ना. कुणाला काय पडलंय आता?" ती म्हणाली, "मला पडलंय." आत गेलो. टायरांच्या ढिगापाशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मशिनचा आवाज, आणि आपाने त्याला सगळं सांगितलं, सरळ, माझ्या अम्मीच्या हातून तुमच्या घरात गेलं म्हणून. शब्बीर बराच वेळ हातातलं फडकं चोळत बसला. मग म्हणाला, "दादी शेळी दिसली की रस्ता बदलायची, आपा. आम्ही हसायचो तिला." त्याने विचारलं, "तुमची अम्मी केवढी होती तेव्हा?" आपाने हाताने उंची दाखवली. "खलास, संपला विषय," तो म्हणाला, "चहा घ्या." सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा, आला. आपा रडली, तो उठून मशिन बंद करून आला.

मी हे इथेच थांबवलं असतं, पण मग आम्ही युसूफचाचांकडे गेलो. युसूफचाचा म्हणजे त्या बांगीचे नातू. खूप थकलेले, मुलाकडे शारजालाच राहतात. त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. देवी डॉक्टर अखेर त्या आळीत आला. नुसत्या आवाजाने त्याचं भागेना. म्हणाला, प्रत्येक बाईने पडद्याआडून दंड बाहेर काढायचा, मी टोचणार. घरोघरी दारांतून हात बाहेर आले. त्या एका घरातून हात येईना. दार फोडलं. आत आईचं प्रेत बऱ्याच दिवसांचं, आणि पोरगी बेशुद्ध, अंगभर फोड, जीव तेवढा होता. चाचा आजोबांबद्दल म्हणाले, "दादा मरेपर्यंत शपथ घेऊन सांगायचे. त्याच सकाळी मी हाक दिली होती. आतून खैर आली होती. आवाज जरा बसलेला होता, पण आली होती."

गाडीत बसलो. आपाने सीटबेल्ट लावला, मग काढला, मग पुन्हा लावला. म्हणाली, "अम्मीचा घसा शेवटी बंद झाला होता, नीला. आतून फोड आलेले. ओठ हलायचे, आवाज नाही. ती म्हणायची, बांगीची हाक मला ऐकू आली. मला वाटलं आता उत्तर जाणार नाही, आता ते दार फोडतील, सुटले एकदाची. तेवढ्यात माझ्या डोक्याशी कुणीतरी खैर म्हणालं." मी लॅबवाली. मी म्हटलं, "ताप मेंदूत गेलेला असतो गं, होतात भास." आपा म्हणाली, "मीही तेच म्हणते. पण ताप अम्मीला होता. बांगीला नव्हता." सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबले होते, मागून हॉर्न वाजायला लागले. त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा गालिचा अंथरलेला होता आणि बिया-लवंगा गायब.

माझा नवरा गेला ते त्यानंतर. मुलगी कॅनडात, तिने चार वेळा 'मम्मा, आर यू ओके' विचारलं आणि मी चार वेळा 'येस' म्हटलं. आपाने ऐकलं आणि मला त्यांच्या रोजच्या आवाजात ओढलं, ग्रूप काढला. "भाई आणि मी खरं बोलतो. तूही बोल," म्हणाली. मी मात्र रोज 'खैर' लिहून मोकळी व्हायचे. तिला कळत होतं. म्हणून तर ती मेसेज पाठवूनही दहा पावलांवर दार वाजवायची, आत येऊन फ्रीज उघडून बघायची, बेसिनमधली भांडी बघायची. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये डॉक्टर राउंडला आला आणि म्हणाला, "हाउ आर वुई टुडे?" तर ही म्हणाली, "बरी नाही. मरणार आहे. तुम्ही मास्क नीट लावा." डॉक्टर पोरगेला, बावरला बिचारा. मला हसूही आलं आणि बाहेर जाऊन रडलेही.

तर त्या आपाचा आवाज आता रोज सकाळी खैर सांगत होता. मी रोज ऐकत होते. इम्रान काळजी घ्यायचा, एक मेसेज पुन्हा नको म्हणून जुने जुने शोधून काढायचा. एकात पावसाचा आवाज होता, एकात कुकरची शिट्टी. हसनभाई सगळ्यांना उत्तर द्यायचे, आणि हळूहळू जास्त बोलायला लागले. रझू, आज फणस आला. रझू, रात्री दम लागला, कुणाला सांगू नको. ती मात्र दर वेळी तेच म्हणायची. आपल्या आजाराची खबर माणूस एका मेलेल्या आवाजाला देत होता, आणि तिकडे गाव, इकडे आम्ही, सगळे दाराबाहेर उभे राहून खैर ऐकत होतो.

मग तो शुक्रवार आला. रुवैसला दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाउन होतं, इम्रान तिकडे गेलेला. सकाळी मेसेज आला नाही. मला हायसंच वाटलं. चहा प्यायले, आणि ग्रूपवर हसनभाईंचं उत्तर पडलं. 'खैर, रझू. आज आवाज बसलाय तुझा. हळद घालून दूध घे.' मी वर बघितलं, खाली बघितलं. आपाकडून काही नव्हतं. कालचा मेसेज होता, स्वच्छ खणखणीत आवाजातला. इम्रानला फोन लावला. मशिनांच्या आवाजात तो ओरडून म्हणाला, "आय डिडन्ट सेंड एनीथिंग, आंटी. अम्मीचा फोन घरी चार्जिंगला आहे." मग खालच्या आवाजात, "मामूने जुना कुठला तरी प्ले केला असेल. दॅट्स ऑल. बरोबर ना?" बरोबर, मी म्हटलं. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. आत गेले. चार्जर प्लगमध्ये होता, बटण लावायचं राहिलेलं. फोन केव्हाचा बंद पडलेला. हॉलमध्ये बंद घराचा वास, आणि त्यात किंचित लवंगेचा. गालिच्याखाली एखादी राहिली असेल, दुसरं काय. मी गालिचा उचलून बघितला नाही.

बसका आवाज. हसनभाईंना ती अम्मीची हकीकत माहीत नाही. युसूफचाचांकडे ते नव्हते, आपाने सांगितलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाने जुना, सर्दीतला मेसेज चुकून लावला, यापलीकडे मी काही मानत नाही, आणि आजही मानणार नाही. पण मला त्या सकाळी खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. हे चालूच राहणार होतं. इम्रानने हात आखडला तरी चालू राहणार होतं. आणि एक दिवस हसनभाई तिकडे दम लागून पडतील, आणि कुणी दार उघडणार नाही, कारण आतून रोजची खैर येत असेल. सोमवारी दुपारी मी इम्रानला पुन्हा फोन केला आणि म्हटलं, "मी सांगणार आहे. तू चिड माझ्यावर." तो मशिनांपासून लांब गेला. मग म्हणाला, "मला जमलंच नसतं, आंटी." डबा देणाऱ्या बाईला मी त्यांच्याजवळ बसवून घेतलं, डॉक्टरला शेजारी बोलावून ठेवलं, आणि मग हसनभाईंना फोन लावला.

"बोला ताई," ते म्हणाले. मी गोल गोल काही बोलले नाही, आपाने मला ठेचलं असतं. म्हटलं, "हसनभाई, आपा गेली. आजाराने गेली, हॉस्पिटलमध्ये. शुद्धीत होती."  मग त्यांनी हळूच दुवा म्हटली. मग एकेक विचारायला लागले. आंघोळ कुणी घातली. जमातीतल्या बायकांनी. तुम्ही होतात? दाराबाहेर होते. माती कुणी दिली. इम्रानने. तोंडावर कसं होतं. शांत होतं, मी म्हटलं, आणि ते खरं होतं. बाई त्यांना पाणी देत असल्याचा आवाज आला. त्यांनी प्यायलं. मला वाटलं आता रडतील, आता काहीतरी होईल, मी फोन दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"म्हणजे ते मेसेज पोरगं पाठवत हुतं," ते म्हणाले. "मग शुक्रवारचा कुणाचा?"

"तुम्ही जुना ऐकला असाल, हसनभाई. चुकून होतं."

"असंल," ते म्हणाले. मग, "त्यात तिनं मला खैर नाय विचारली, ताई. आवाज बसला हुता, नीट कळंना. म्हणाली, नीलाला विचार."

असा मेसेज आपाने कधी ग्रूपवर टाकल्याचं मला आठवत नाही. नंतर मी मागे जाऊन सगळे ऐकले. पण ते नंतर.  खिडकीबाहेर शाळेची बस थांबली होती, पोरं इंग्रजीत ओरडत उतरत होती.

"तर विचारतो," हसनभाई म्हणाले. "ताई, तुमच्या घरात खैर?"

रोजचा शब्द जिभेवर तयार होता. नवरा गेल्यापासून तो तसाच तयार असतो, मला काही करावं लागत नाही. मी तोंड उघडलं आणि घशातून आवाजच येईना. ओठ हलले. खोलीत कुणीही माझ्यासाठी उत्तर दिलं नाही.

"नाही, हसनभाई," शेवटी मी म्हणाले. "खैर नाही."

"मग सांगा," ते म्हणाले, आणि ऐकायला बसले.